पोळीतली चिंधी

लातूर

तमिळमध्ये मी गमतीदार बाई आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण मराठीत ते सांगणारं दुसरं कुणी सापडणार नाही. कुंभकोणमला आम्ही चौघी बहिणी जमलो की मला मधे बसवतात. मी आमच्या आत्याची नक्कल सुरू केली की मोठी बहीण पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळते. पुण्यात येऊन मला तेवीस वर्षं झाली. मुलींच्या शाळेत मराठीतून गणित शिकवते, मराठीत भांडते, अधूनमधून स्वप्नंही मराठीत पडतात. पण मराठीत मी कुणाला हसवलं, असं एकदाही झालं नव्हतं. मी काही गमतीचं बोलले की समोरचा माणूस आधी माझं वाक्य तपासतो आणि मग कौतुकानं म्हणतो, "छान बोलता हो तुम्ही मराठी." विनोद तिथेच संपतो.

ही गोष्ट मी शाळेपुरती सोसली होती. पण आता मुलीचा प्रश्न होता. आमच्या वत्सलानं राजशेखरशी लग्न केलं, तेही पुण्यात, नोंदणी करून, कारण त्याच्या घरच्यांनी कळवलं होतं की दुष्काळात मांडव घालायचा नाही. राजशेखर ओव्हरसियर. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, कचेऱ्या नव्या निघत होत्या, त्याची बदली तिथे झाली आणि वत्सला लातूरकर झाली. दर शनिवारी दोघं निलंग्याजवळच्या त्याच्या गावी जात. पाच महिन्यांनी विहीणबाईंचं, म्हणजे महानंदाबाईंचं पत्र आलं, की विहिणीनं एकदा येऊन आमची घरं बघून जावं. आमच्या यजमानांना रजा नव्हती आणि त्यांचं मराठी रिक्षापुरतंच आहे. मी एकटी निघाले. बॅगेत एक वही ठेवली. पाठाची टाचणं काढावीत तसे तिच्यात सात विनोद लिहून घेतले होते, आणि त्यातल्या एकावर तरी विहीणबाईंना हसवल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवलं होतं.

लातूरला उतरले तेव्हा सगळं गाव नवी पाटी लावून बसल्यासारखं दिसत होतं. जिकडे तिकडे 'जिल्हा' हा शब्द ताज्या रंगात. राजशेखरची कचेरी एका भाड्याच्या गोदामात होती. पाकिटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, त्यावर पेनानं रेघ मारून वर 'लातूर' लिहिलेलं. साहेबांच्या खोलीत अजून तुरीचा वास येतो, असं तो अभिमानानं सांगत होता. आणि बाहेर पाण्याचा ठणठणाट. वत्सलाच्या गल्लीत टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. सकाळपासून घागरी, डबे, कळश्या रांगेत मांडलेल्या असायच्या आणि बायका सावलीला बसून आपापल्या घागरीवर नजर ठेवायच्या. पुण्यात मी नळाला धार बारीक आली तरी करवादते. इथे पहिल्याच दिवशी हात धुताना वत्सलानं माझ्या हाताखाली तसराळं धरलं. ते पाणी तुळशीला जायचं होतं.

संध्याकाळी घरमालकीणबाई आणि शेजारच्या चारजणी मला बघायला आल्या. मला वाटलं, हीच वेळ. वहीतला तिसरा विनोद प्रसंगाला अगदी चपखल होता. मी म्हणाले, "लातूरला जिल्हा तर मिळाला. आता तेवढं पाणी मिळालं की झालं."

कुणी हसलं नाही. घरमालकीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिळंल की." मग एकीनं पुण्यात नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारलं आणि मी ते खरं खरं सांगितलं. ते सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला नाही. बायका उठून आपापल्या रिकाम्या घागरी उचलायला लागल्या. तेव्हा याच घरमालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जिल्हा आला माय, पाणी मागनं पायी येऊन राहिलंय." सगळ्या गल्लीनं पोट धरलं. मी दारात उभी होते आणि मला राग आला. माझंच वाक्य होतं ते, जवळजवळ. मग लक्षात आलं की त्या रिकामी घागर हातात घेऊन ते बोलल्या होत्या, आणि मी चहाची कपबशी हातात घेऊन. मी वही काढून तिसऱ्या विनोदावर काट मारली. सहा उरले होते.

निलंग्याजवळचं गाव

वत्सला आणि मी निलंग्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढे बैलगाडीनं गेलो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. उसाची शेतं ओळखायची ती वाळलेल्या बुंध्यांवरून. मी तंजावरकडची. आमच्याकडे डोळा जाईल तिथे भात, कालव्यात पोरं डुंबतात. एवढं कोरडं रान मी कधी बघितलं नव्हतं आणि बघताना बोलावंसं वाटेना. गाडी हाकणारे राजशेखरचे काका मात्र सगळा रस्ताभर गात होते.

महानंदाबाई दारात उभ्या होत्या. उंच, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, नऊवारी लुगड्याचा पदर खोचलेला. मलाही घरी विभूती लावायची सवय आहे. त्यांनी ते बघितलं आणि मान डोलावली. सुरुवात चांगली झाली होती. त्या आपल्या जावेशी कानडीत बोलत होत्या, त्यातला 'नीरु' हा शब्द मी पकडला, आणि पाण्याला आम्हीही तेच म्हणतो असं सांगितलं. दोघी खूश झाल्या. जाऊबाईंनी लगेच मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

मग महानंदाबाईंनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "विहीणबाई, तुमच्याकडं म्हणं केळीच्या पानावर जेवत्यात. मग भाताबरूबर पान बी खाता का?"

मी म्हणाले, नाही, पान खात नाहीत. जेवण झालं की पान दुमडतात, शुभ प्रसंगी आपल्याकडे दुमडतात आणि दुखवट्यात पलीकडे, आणि मग ते गाईला घालतात. हे मी नीट, हातानं करून दाखवत सांगितलं. इतकी वर्षं शिकवण्यात घालवल्यावर माणसाला प्रश्न आला की उत्तर देता येतंच. महानंदाबाईंनी ऐकून घेतलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. महानंदाबाईंनी आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा विचारलं की पुण्यात जावई सासूच्या धाकात असतात हे खरं का, आणि एकदा माझ्या नाकातल्या दोन चमक्यांकडे बघून म्हणाल्या की एक नाक कमी पडलं असतं तर काय केलं असतं. दोन्ही वेळा मी माहिती दिली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात मुलीच्या सासरची माणसं म्हणजे देवाच्या पायरीवरची. त्यांच्यापुढे मोठ्यानं बोलायचं नाही, त्यांच्या घरच्या जेवणाला नाव ठेवायचं नाही. कॉफी निवलेली दिली म्हणून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे लहानपणापासून मनावर ठसलेलं होतं की व्याह्यांच्या घरी काही उणं दिसलं तर ते आपल्याला दिसलंच नाही.

जेवायला पुरणपोळी होती. आमच्याकडेही पोळी करतात, तिला पोळीच म्हणतात, पण ती लहान आणि जाड. इथली ताटाएवढी, वर तुपाची धार, शेजारी कटाची आमटी. मला मधल्या पाटावर बसवलं होतं. महानंदाबाईंनी पोळी स्वतः वाढली आणि समोर उभ्या राहिल्या. दुसरा घास तोडायला गेले तर पोळी तुटेना. ओढली, तर आतून हिरव्या लुगड्याची चिंधी निघाली. चांगली तळहाताएवढी, पुरणात माखलेली.

मी वर बघितलं. आठ-दहा बायका श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या लक्षात आलं, कणीक मळताना फडकं गेलं असणार, आणि आता महानंदाबाईंना या सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागणार. मी खोकल्याचं निमित्त केलं, तोंडाला रुमाल लावला, चिंधी त्यात गुंडाळली आणि रुमाल पर्समध्ये टाकला. मग शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "पोळी फार मऊ झाली आहे. आणखी एक घेईन मी."

महानंदाबाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. त्यांनी दुसरी पोळी आणून वाढली आणि आत निघून गेल्या. ती पोळी मी सगळी खाल्ली. त्यात काही नव्हतं. माझ्या मनात आलं, आज आपण एका बाईची लाज राखली, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्यानंतर मात्र त्या माझ्याशी 'आपण बसावं', 'आपण घ्यावं' असं बोलायला लागल्या. मला वाटलं, मान वाढला. सकाळी निघताना ओटी काही भरली नाही. रीत अशी की सगळ्या नातेवाइकांची घरं करून शेवटी परत याच घरी यायचं आणि इथूनच बोळवण घ्यायची. पण त्या गाडीपर्यंतसुद्धा आल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी मला नमस्कार केला, कचेरीतल्या साहेबाला करतात तसा.

कंधार

लातूरला एक दिवस थांबून मी आणि वत्सला कंधारला निघालो. महानंदाबाईंची थोरली बहीण काशीबाई तिथे असते. वत्सला सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. अहमदपूर गेल्यावर ती तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, तू तिथे काय केलंस?"

मी म्हटलं, काही नाही, नीट वागले. चिंधीचं मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर झाकल्याचा काय उपयोग. जेवणाच्या वेळी तिला महानंदाबाईंच्या जावेनं मुद्दाम मागच्या दारी बसवून ठेवलं होतं, त्यामुळे तिनं काही बघितलं नव्हतं.

मग ती बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. "मी त्या घरात गेले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. त्या दिवसभर चिडवायच्या. भाकरी वेडीवाकडी झाली की म्हणायच्या, काढलास का गं नवा जिल्हा, ह्यात निलंगा कुठं हाय ते दाव. त्या चिडवत होत्या म्हणून मी तिथे रुळले. परवा मी इतकी वाकडी भाकरी केली, मुद्दाम केली. त्या म्हणाल्या, 'बाई, राहू द्या, मी करते.' अम्मा, त्या मला बाई म्हणाल्या."

मी तिचा हात धरून बसले. काय बिघडलं ते कळत नव्हतं, पण ते मी बिघडवलं आहे एवढं कळलं होतं. मुलीचं पाच महिन्यांचं काम मी एका जेवणात मोडलं होतं.

कंधारचा किल्ला बघायला मिळाला. खंदक कोरडा होता आणि त्यात शेळ्या चरत होत्या. पण माझं लक्ष नव्हतं. काशीबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, किराणा दुकानाच्या मागच्या घरात राहणाऱ्या. आमच्याआधीच एस.टी.नं त्यांच्याकडे निरोप पोचला होता. त्यांनी आम्हाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, खाऊ दिलं, मग वत्सलाला दुकानात पाठवलं आणि मला सरळ विचारलं, "चिंधी कुठं हाय?"

मी पर्समधून रुमाल काढला. सुकलेल्या पुरणासकट चिंधी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, त्यांची लाज जाऊ नये म्हणून लपवली, कुणाला सांगितलं नाही, पुण्यातही सांगणार नाही.

काशीबाईंनी चिंधीवरचं पुरण नखानं खरवडून बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "आगं माय माय," म्हणाल्या, "ती चुकून गेली न्हाई वो. ती लाटली व्हती."

मग त्यांनी सांगितलं. विहीण पहिल्यांदा घरी जेवायला आली की एका पोळीत पुरणाबरोबर चिंधी लाटायची, ही त्यांच्या घरातली पिढ्यांची रीत. विहिणीनं ती ओढून काढायची, सगळ्यांना दाखवायची, ह्या घरात पाहुण्याला कापडं खाऊ घालतात का म्हणून ओरडायचं, आणि चिंधी वाढणारीच्या अंगावर फेकायची. मग हसायचं, एकमेकींना घास भरवायचे. फेकलेली चिंधी अंगावर पडली की दोघी खऱ्या विहिणी झाल्या. जी विहीण चिंधी ठेवून घेते ती भांडण ठेवून घेते. गावात सगळ्यांचं एकच मत झालं होतं, की पुण्याच्या विहीणबाईंनी पुरावा म्हणून चिंधी नेली, आता ती पुण्यात सगळ्यांना दाखवणार.

"आन वर अजून एक पोळी मागितलीत," काशीबाई म्हणाल्या. "म्हंजी, घाला अजून किती चिंध्या घालायच्या त्या. महानंदीला रातभर झोप न्हाई. त्या पुरणासाठी तिनं तीन दिस पाणी राखलं व्हतं."

मला रडू आलं. जेवणाआधीचे ते प्रश्न एकेक करून आठवले. केळीचं पान, सासूचा धाक, दोन चमक्या. ती बाई तीन वेळा माझ्यासाठी दार उघडत होती आणि मी तीन वेळा माहिती देऊन ते लोटलं होतं. मी काशीबाईंना हात जोडले, म्हटलं तुम्ही चला, नाहीतर चिठ्ठी द्या, खरं काय ते त्यांना सांगा.

त्यांनी मान हलवली. "मी सांगितलं तर ती म्हणंल, बरं झालं, गैरसमज गेला. पन हसायची न्हाई. ती हसली तरच मिटलं समजा. तुमचं तुम्हीच फेडा."

नांदेड

नांदेडला राजशेखरचे चुलते विष्णुपुरीजवळ राहतात. त्यांनी हौसेनं गोदावरीवरच्या धरणाचं काम दाखवायला नेलं. नदीच्या पात्रात जागोजागी डबकी आणि मधे वाळू, त्यात कावळे. धरण झालं की इथे दर्या होईल, असं ते हात पसरून सांगत होते, आणि मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. इथली माणसं रिकाम्या पात्रापुढे उभी राहून पाणी दाखवू शकतात. मला तर भरल्या ताटात गंमत दिसली नव्हती.

रात्री वही उघडली. सहा विनोदांपैकी एकही त्या घरात चालणारा नव्हता. ते सगळे मी तमिळमध्ये विचार करून मराठीत बसवलेले होते. ते मी पानासकट फाडले. तमिळमध्ये मी हसवते तेव्हा काय करते, ते आठवायला बसले. मी गोष्टी सांगत नाही. आत्याची नक्कल करते, तिच्यासारखी पान लावते, कमरेची किल्ली चाचपते. बहिणी हसतात कारण त्या आत्याला ओळखतात. मग महानंदाबाई आणि मी, आम्हा दोघींना सारखं ओळखीचं असं जगात काय आहे? एकच वस्तू होती आणि ती माझ्या पर्समध्ये होती.

सकाळी चिंधी अर्ध्या वाटी पाण्यात धुतली आणि वत्सलाला न सांगता गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर एका शिंप्याकडे गेले. करीमभाई म्हणून म्हातारे होते, चष्म्याला दोरी बांधलेली. मी म्हटलं, ह्याला दोन्ही बाजूंनी जरीचा काठ लावा, एका टोकाला पदर काढा, आणि पदराला गोंडे लावा. त्यांनी चिंधी उलटीपालटी करून बघितली. "बाई, हे भावलीचं हाय का?"

नाही म्हटलं, विहिणीचं. आणि मला कुणाला तरी सांगायचंच होतं म्हणून सगळं सांगितलं. ते मान खाली घालून काठ टाचत होते. मग मी म्हटलं, आता मी काय म्हणणार ते ऐका, आणि ठरवलेलं वाक्य म्हणून दाखवलं. ते हसले नाहीत. पुन्हा म्हणायला सांगितलं. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी मशीन थांबवली.

"तुम्ही बोलायच्या आधीच हसून राहिल्या, बाई. गिऱ्हाईकाला आपन कपडा दावायचा. हसायचं का न्हाई ते त्याचं."

मी त्यांच्या बाकावर बसून आठ वेळा ते वाक्य म्हटलं, चेहरा कोरा ठेवून. आठव्या वेळी त्यांनी मान वर केली नाही, पण पाय मशीनवरून घसरला. मग त्यांनी आपणहून पदरावर एक बारीक बुट्टी काढून दिली. शेजारच्या दुकानातून मी साडीचा रिकामा खोका आणि लाल दोरी आणली.

पुन्हा ते गाव

बोळवणीला त्याच सगळ्या बायका जमल्या होत्या. मला पुन्हा मधल्या पाटावर बसवलं. महानंदाबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली. सगळं रीतीप्रमाणे आणि 'आपण'. वत्सला चुलीपाशी बसली होती, मान खाली. हे चुकलं तर पुन्हा या घरी येता येणार नव्हतं. आमच्याकडच्या रीतीनं बघितलं तर मी विहिणीचा भर सभेत अपमान करणार होते.

मी खोका त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोरी सोडली, वरचा कागद बाजूला केला. हिरवी चिंधी घडी घालून ठेवली होती, जरीचे काठ वर.

मी म्हणाले, "तुम्ही दिलेलं लुगडं परत करायला आले, विहीणबाई. नेसून बघितलं. पण आखूड पडलं."

मी चेहरा कोरा ठेवला. करीमभाईंना आठवत होते आणि मनातल्या मनात आकडे मोजत होते. महानंदाबाईंनी ते लुगडं दोन बोटांनी उचललं. काठ चाचपला. उजेडात धरून जर बघितली. पदराचे गोंडे मोजल्यासारखे केले. मग उठून उभ्या राहिल्या आणि दुकानात बघतात तसं ते कमरेला लावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती.

"काठ बरा हाय," त्या म्हणाल्या. "पन रंग जाईल वो ह्याचा."

याचं उत्तर मी आणलं नव्हतं. विचार करून मराठीत बसवायला वेळ नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, "रंग जायला धुवावं लागतंय, विहीणबाई. पाणी कुठं हाय?"

बोलले आणि मला लातूरची ती संध्याकाळ आठवली, ते 'मिळंल की'. पुन्हा तेच, पुन्हा पाण्यावर बोलले, ज्या घरानं माझ्यासाठी तीन दिवसांचं पाणी राखलं त्या घरात. मी खाली बघितलं.

आधी जाऊबाईंच्या नाकातून आवाज आला. मग महानंदाबाई मटकन खाली बसल्या. त्या हसत होत्या, पण आवाजच फुटत नव्हता, नुसतं पोट हलत होतं. मग फुटला. सगळ्या बायका हसत होत्या, एक म्हातारी खांबाला धरून हसत होती. महानंदाबाईंनी ती चिंधी माझ्या तोंडावर फेकली, मी ती झेलून त्यांच्या अंगावर फेकली, आणि त्यांनी ती आपल्या कमरेला खोचली.

"मला वाटलं तू पुण्याला नेऊन दावतीस," डोळे पुसत त्या म्हणाल्या. 'तू' म्हणाल्या. "आन तवा गुमान बसलीस कामून गं?"

"भूक लागली होती," मी म्हणाले.

पुन्हा हसणं सुरू झालं. ते ओसरल्यावर त्या चुलीकडे वळल्या. "ए पोरी, रडून राहिलीस का काय तिथं? भाकरी थाप. तुझ्या मायला आपला नवा जिल्हा दाव."

वत्सलानं पिठाच्या हातानं डोळे पुसले, तोंडभर पीठ लावून घेतलं आणि भाकरी थापायला घेतली. इतकी वाकडी भाकरी मी आजवर खाल्लेली नाही. महानंदाबाईंनी त्यातला निलंगा मोडून मला भरवला.

पुण्याला परतल्यावर सुट्टीत कुंभकोणमला गेले. बहिणी जमल्या, मला मधे बसवलं. मी ही सगळी गोष्ट तमिळमध्ये सांगितली, अगदी चेहरा कोरा ठेवून, लुगडं कमरेला लावून बघण्याची नक्कल करून. शेवटच्या वाक्याला मी थांबले. तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. धाकटीनं विचारलं, पण पोळीत मुळात चिंधी का घातली त्यांनी? मी समजावून सांगायला लागले, दुष्काळ, टँकर, विहिणीची रीत, आणि अर्ध्यावर गप्प बसले.

मोठ्या बहिणीनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुझं मराठी फार चांगलं झालेलं दिसतंय," ती म्हणाली.